नसलेल्या हातांची चित्रं

११ ऑक्टोबर १९५३

आले एकदाची ठाण्याला! सामान ते काय, एक ट्रंक, एक वळकटी, रंगांची पेटी आणि ईझल. टांगेवाल्याने ईझल उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, बाई, ही शिडी कसली? मी म्हटलं, चित्राला उभं राहायला लागते. तो म्हणाला, का, तुमच्या चित्रांना पाय नसतात? स्टेशनपासून घरापर्यंत मी एकटीच हसत होते.

खोली चेंदणीच्या कोळीवाड्यात, आवडाबाईंच्या घराच्या माडीवर. खिडकीतून खाडी दिसते आणि पलीकडे मिठागरांचे बांध. उजेड उत्तरेचा, चित्रकाराला हवा तसा. खालच्या अंगणात बोंबील वाळत घातलेत. आवडाबाई म्हणाल्या, वासाची सवय हाय ना बाय, का उद्या नाक धरून पळशील? मी टर्पेंटाइनची बाटली उघडून त्यांच्या नाकाखाली धरली. त्या दोन पावलं मागे सरल्या आणि म्हणाल्या, फिटंफाट झाली. साठीच्या असतील. नवरा, पंढरी, समुद्रात गेला तो परत आला नाही. मुलगी कल्याणला दिलेली.

मग त्यांनी विचारलंच, पोरं किती? नाही म्हटलं. खोटं नाही ते. पण सांगताना डावा हात आपोआप पदराआड गेला.

१४ ऑक्टोबर

नौपाड्यात डॉ. टिपणिसांचा दवाखाना आहे. स्वतःच्या बंगल्याच्या पुढच्या दोन खोल्या. मेंदूचे डॉक्टर, पण ज्यांचे हातपाय कापावे लागले अशी माणसं त्यांच्याकडे येतात, कारण गेलेला अवयव दुखत राहतो. नसलेला हात ठणकतो, नसलेल्या पायाला खाज सुटते. डॉक्टर म्हणतात, हात गेला तरी मेंदूतली त्याची जागा जात नाही.

मला त्यांनी मुंबईच्या प्रदर्शनातलं माझं चित्र बघून बोलावलं. मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा नकाशा असतो असं वाचनालयातल्या एका पुस्तकात वाचलं होतं. त्या नकाशात पाठ चिमूटभर, ओठ मोठे आणि हात तर सुपाएवढे. तशी एक बाई मी रंगवली होती, आपल्या आतून दिसते तशी. एक गृहस्थ म्हणाले, राक्षसीण छान जमली आहे. डॉक्टर मात्र बराच वेळ समोर उभे होते.

काम असं, की रोग्याने सांगायचं आणि मी काढायचं. नसलेला हात कुठे आहे, कसा वळला आहे, बोटं कशी आहेत. डॉक्टरांना ती चित्रं अभ्यासाला हवीत. नसलेल्या गोष्टीचं चित्र काढायला पगार मिळणारी मी पहिलीच असेन.

१९ ऑक्टोबर

आज दामाजी आला. डोंबिवलीजवळच्या गावचा आगरी, चाळिशीचा. भाताच्या गिरणीच्या पट्ट्यात उजवा हात कोपराखालून गेला. पण त्याच्या लेखी तो हात आहे, मूठ आवळलेला, आणि नखं तळव्यात रुतताहेत. सगळा वेळ. जेवताना, झोपेत, देवासमोर.

मी काढायला घेतलं. तो बाजूला बसून सांगत होता. नाय ताय, आंगठा आत. आजून घट्ट. आजून. कोळसा कागदावर रेटून रेटून मोडला तेव्हा म्हणाला, हां, ही माझी मूठ. आणि घामाने डबडबून गेला. जाताना हसून म्हणाला, बायको म्हणते, एक हात गेला तरी भांडायचा हात शाबूत हाय तुझा.

२ नोव्हेंबर

दामाजीची मूठ सुटली.

रोज एकेक चित्र करत होते. गेल्या आठवड्यात मनात आलं, की रोज बोटं केसभर सैल काढायची. डॉक्टरांना विचारलं नाही. दामाजी बघत होता. आज तैलरंगात शेवटचं केलं. उताणा, उघडा तळवा, विळ्याने पडलेल्या घट्ट्यांसकट. तो एकदम उठला. सुटला, ताय, सुटला, म्हणत लहान मुलासारखा रडला. डॉक्टर धावत आले. त्यांचं म्हणणं, डोळ्यांनी सांगितलं आणि मेंदूने मानलं. त्यांनी मला चहा स्वतःच्या हाताने करून दिला.

चित्र ओलं आहे म्हणून घरी आणून भिंतीला टेकवून ठेवलं.

७ नोव्हेंबर, पाडवा

आवडाबाईंनी करंज्या पाठवल्या. खाली त्यांच्या लेकीची मुलं भुईनळे लावत होती. मी खिडकीत बसून बघितलं आणि मग दार लोटून घेतलं.

दुपारी खाटेवर आडवी झाले होते. हात कडेवरून खाली लोंबत होता. अर्धवट झोपेत कुणीतरी तो हातात घेतला. रुंद तळवा, घट्टे पडलेला, उन्हातून आल्यासारखा ऊन. मी डोळे उघडले नाहीत. भीती वाटायला हवी होती. मला वाटलं ते इतकंच, की कुणाचा हात हातात येऊन किती वर्षं झाली.

डोळे उघडले तेव्हा समोर दामाजीचं चित्र होतं.

१६ नोव्हेंबर

दामाजी परत आला, दवाखान्यात नाही, शोधत शोधत इथे घरी. दुखणं गेलं, पण हातच गेला म्हणतो. आधी स्वप्नात तरी दोन हात असायचे, आता स्वप्नातही थोटा. दुखायचा ताय, पन माझा व्हता. हे म्हणताना तो चित्राकडे असा बघत होता, की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

आवडाबाई जिन्यात उभ्या राहून ऐकत होत्या. वर आल्या, चित्र पाहिलं आणि मला म्हणाल्या, तू ह्याला आकार दिलास आन् जाळला नायस?

मग त्यांनी सांगितलं. समुद्रात गेलेल्याचं शरीर मिळालं नाही, की दर्भाचा पुतळा करायचा, त्यालाच तो माणूस मानायचं आणि किनाऱ्यावर अग्नी द्यायचा. पंढरीचा केला होता. पुतळा केला आणि जाळायचा राहिला, तर गेलेल्याला आकार मिळालेला असतो. मग तो जागा मागतो. कुणाची मागतो, विचारलं. म्हणाल्या, जो आकार देल त्याचीच.

माझं चित्र जाळायचं! जीवावर आलं. पण दामाजीने डाव्या हाताने ते उचलून पोटाशी धरलं होतं. भर दुपारी ओहोटीला त्याने आणि मी ते खाडीकाठी जाळलं. तो अंघोळ करून आला, आवडाबाईंच्या ओट्यावर पोटभर जेवला आणि म्हणाला, आता ठावं झालं, कुठं गेला तो.

मी संध्याकाळभर हात खाटेवरून खाली सोडून पडून होते. कुणी आलं नाही.

२४ नोव्हेंबर

आज लिहिते. शालूबद्दल मी कुठेच लिहिलेलं नाही.

आठ वर्षं झाली. विषमज्वर. गिरगावातली खोली, हे त्याआधीच गेलेले, ती आणि मी. सात वर्षांची होती. डावखुरी. शाळेत बाई डाव्या हातावर पट्टी मारायच्या, म्हणून घरी येऊन डाव्या हातानेच हट्टाने चित्रं काढायची. मला पाटावर बसवायची आणि दटावायची, आई, हलू नकोस. हललीस की नाक वाकडं येतं. मी हलायचे मुद्दाम.

ती मात्र माझ्यासमोर कधी स्थिर बसली नाही. झोपली की मी तिचे हात काढायचे. वह्याच्या वह्या. चेहरा म्हटलं काढू सावकाश, रोज समोर तर असतो.

रस्ता ओलांडताना माझा डावा हात अजून किंचित मागे जातो आणि बोटं वळतात. आठ वर्षं माझीही मूठ आवळलेलीच आहे. डॉक्टर हातापायांबद्दल म्हणतात तेच आहे हे. ती गेली, तिची जागा गेली नाही.

आज दार लावून घेतलं आणि तिचा हात काढायला बसले. माझ्या हाताला सगळं पाठ होतं. करंगळीचं वाकडं पेर. अंगठ्याजवळचा शाईचा डाग.

२८ नोव्हेंबर

आली.

स्टेशनाबाहेर, टांग्यांच्या गर्दीत. डाव्या तळव्यात आधी दोन बोटं, मग सगळा हात, थोडा चिकट, गूळ खाल्ल्यासारखा. मी खाली बघितलं नाही. दवाखान्यापर्यंत लांबच्या रस्त्याने गेले. एका दुकानाच्या काचेत दिसलं, की मी हसते आहे.

३ डिसेंबर

आवडाबाई म्हणतात, बाय, हल्ली गाणी गुणगुणतेस, कोण भेटला का? आणि स्वतःच खो खो हसल्या. मीही हसले. चित्रावर चादर टाकलेली असते.

रोज दुपारी आम्ही दोघी खाडीपर्यंत जातो. ती बोलत नाही. दाबून सांगते. एकदा दाबलं की थांब. दोनदा म्हणजे चल.

९ डिसेंबर

स्टोव्हवर दूध उतू गेलं, पातेलं हाताने उतरवलं. नंतर बघते तर डाव्या हाताच्या बोटांना फोड आलेले. चटका लागलाच नाही.

डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिलं. मनगटापर्यंत काही कळत नाही. त्यांनी बराच वेळ हात आपल्या टेबलावर ठेवून घेतला आणि समजावलं. मेंदूत कुठलीही जागा रिकामी राहत नाही. कल्याणच्या छावणीत लष्कराच्या बराकी मोकळ्या झाल्या आणि निर्वासित येऊन राहिले, तसं कुणीतरी येऊन राहतंच. मग त्यांनी हळूच विचारलं, तुमचं कुणी गेलं आहे का?

मी नाही म्हटलं. त्याच वेळी तिने हात दाबला. जोराने.

१५ डिसेंबर

नुसत्या हातावर ती राजी नाही. घरात शिरलं की ईझलकडे ओढते. मनगट काढलं, कोपर काढलं. कोपरापर्यंत मला माझा हात आता दिसतो तेवढाच, कळत नाही. दुसऱ्या कुणीतरी माझ्या मांडीवर ठेवल्यासारखा.

दवाखान्यात आठवडाभर येत नाही म्हणून निरोप दिला.

२० डिसेंबर

खांदा. पिवळा फ्रॉक, घेराला नाडीची शिवण. दोन्ही पाय. वेण्या, एक सुटलेली. चित्र आता माझ्या कमरेएवढं आहे. ती होती तेवढंच.

आंघोळीच्या वेळी पाणी डाव्या अंगावर पडलेलं समजत नाही. चालताना भिंतीला धरते.

पण संध्याकाळी ती टेकून बसते. आठ वर्षांत असं कुणी टेकलं नव्हतं.

२६ डिसेंबर

आवडाबाई जेवण घेऊन आल्या आणि चादर सरकलेली दिसली. ताट खाली ठेवलं. चित्रातल्या मुलीला चेहरा नाही. तेवढी एक जागा कोरी आहे.

मग माझ्याजवळ खाटेवर बसल्या. म्हणाल्या, मना पन वाटलं व्हतं गो. पंढरीचा पुतला ठेवू, दाराशी उभा करू, सांजचं बोलू दोन शब्द. जावेने हातातून हिसकावून नेऊन जाळला. दोन वर्षं तिच्याशी बोलले नाय. आता तिचे पाय धरते. मीच तुझी जाव समज. तोंड काढू नको पोरीचं. उद्या जाळू.

मी हो म्हटलं. खरोखर हो म्हटलं.

२७ डिसेंबर

आवडाबाई काड्यापेटी आणि दर्भ घेऊन आल्या. मी उजव्या हाताने चित्र उचललं. डाव्या हाताने त्यांचं मनगट पकडलं — मी नाही पकडलं. मला काही कळत नव्हतं, नुसतं दिसत होतं. बोटं त्यांच्या मनगटात रुतली. त्या ओरडल्या. सुटेना. शेवटी मीच शालूला ओरडले, सोड आधी, सोड त्यांना — तेव्हा सुटलं.

आवडाबाई जिना उतरून गेल्या. ओट्यावरून म्हणाल्या, ती तुझं ऐकते अजून, जयाबाय. ऐकते तवर तूच जाळ. काड्यापेटी वरच ठेवली आहे त्यांनी.

२९ डिसेंबर

काडी ओढली. हातात विझेपर्यंत धरून ठेवली.

जाळलं तर ती पुन्हा जाईल. या वेळी मी पाठवलेली.

३० डिसेंबर

चेहरा मागते. दोनदा दाबते, सारखी दोनदा — चल, चल.

मला आठवत नाही. नाक कसं होतं. डोळे — काळे, सगळ्यांचेच काळे असतात. फोटो नाही. कोळसा कागदाला टेकवते आणि थांबते. डॉक्टर एकदा म्हणाले होते, आठवण ठेवलेली नसते, दर वेळी नव्याने काढलेली असते. मी आठ वर्षं काय काढत होते मग?

शालू, रागावू नको. मला खरंच —

२ जानेवारी १९५४

तिने हात सोडला. दिवसभर नाही आली. खोली इतकी मोठी कधी नव्हती.

खालून आवडाबाईंची हाक. जेवलीस का गो? ओ दिली नाही.

३ जानेवारी

सकाळी डाव्या बोटांना कोळशाची भुकटी. मी झोपले होते. कोऱ्या जागेत हनुवटी काढलेली आहे. डावखुरी रेघ, उलट्या बाजूने ओढलेली.

ओळखीची हनुवटी. शालूची नव्हे. मध्ये खळगा आहे —

आरशात पाहिलं. उजवा हात लावला. हनुवटीला हात लागतो आहे हे हाताला समजतं. हनुवटीला नाही.

४ जानेवारी

तिलाही तिचा चेहरा आठवत नसणार. तिने कुठे पाहिला? ती मलाच बघायची. माझाच काढायची.

काड्यापेटी कोनाड्यात आहे. उजवा हात अजून माझा आहे. उठले, तिथवर गेले. हातात घेतली.

मागून डाव्या तळव्यात तिने एकदाच दाबलं. थांब.

इतकं हलकं. तापात शेवटी दाबायची तसं.

ठेवली परत.

५ जानेवारी

ओठ झाले. चहा ओठांवरून गळ्यावर आला तेव्हा दिसला.

मी पाटावर बसून आहे. डावा हात चित्राशी, वही उजव्या मांडीवर. आवडाबाई जिना चढताहेत — जयाबाय, दार उघड, डाक्टरला आणलाय, दार उघड — उठायला हवं. कडी डाव्या बाजूला आहे.

ओ दिली कुणीतरी. माझ्या आवाजात. चित्राकडून.

५ तारीखच, थोड्या वेळाने

एक डोळा झाला. त्याने ती बघते आहे मला. पहिल्यांदाच, सरळ. या बाजूची खिडकी गेली — खाडी, बांध, उजेड —

नाक वाकडं आलं आहे जरा. मी हलायचे ना —

दार ठोकताहेत. कडी निघेल आता. ती दुसरा डोळा काढायला घेते आहे, घाईने, म्हणते आहे हलू नकोस आई, झालंच — नाही ग राणी, नाही हलत, बघ, अजिबात हल